संपापूर्वीचे मतदान

बंगळूर शहराच्या जुन्या वस्तीत चिकपेट नावाचा भाग आहे. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे धाकटे आणि ‘पेटे’ म्हणजे पेठ. पुण्याच्या माणसाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. केंपेगौडाने सोळाव्या शतकात हे नगर वसविले, तेव्हा दोड्डपेटे व चिक्कपेटे हे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या चौकातून चार दिशांना चार नांगर हाकण्यात आले, अशी आख्यायिका आहे. पुढील शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज या पेठेत रेशमी साड्यांची, कापडाची, किरकोळ आणि घाऊक मालाची दुकाने एकमेकांस खेटून उभी आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद की मालाचे गठ्ठे बहुधा माणसाच्या डोक्यावरून किंवा हातगाडीवरूनच आत जातात.

कामगारांच्या मतदानाविषयी बोलताना या पेठेपासून आरंभ करण्यास कारण आहे. पेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावर शहराचे मुख्य रेल्वेस्थानक आहे. स्थानकात काम करणारा मनुष्य रेल्वेच्या हजेरीपटावर असतो, त्याची संघटना आहे, आणि संप करावा की न करावा हा प्रश्न त्याच्या संघटनेने मतपत्रिकेवर छापून त्याच्यासमोर ठेवल्याची उदाहरणे आहेत. त्याच गाडीने आलेला गठ्ठा उचलून चिकपेटेतील दुकानात पोहोचविणारा हमाल मात्र बहुधा कोणाच्याही पटावर नसतो. त्याला कोणी मत विचारीत नाही, कारण त्याचे नाव कोणत्या यादीत शोधावे हेच ठरलेले नसते. मग शहराच्या उत्तरेस व पूर्वेस हिंदुस्थान एरॉनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज असे सार्वजनिक क्षेत्रातील प्रचंड उद्योग उभे राहिले. तेथील कामगार पटावर होता, संघटित होता आणि संपही करीत होता. एकाच शहरातील या तीन प्रकारच्या माणसांना ‘संपापूर्वीचे मतदान’ या शब्दांचा अर्थ तीन निरनिराळ्या प्रकारे लागतो.

संपाचा निर्णय घेण्याची आपल्याकडील जुनी रीत हात वर करण्याची आहे. कारखान्याच्या दारापाशी सभा भरते, पुढारी भाषण करतो, शेवटी तो विचारतो आणि हजारो हात वर होतात. या रीतीत एक तेज आहे हे मान्य केले पाहिजे. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढीची मागणी केली, तेव्हा साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली त्यांनी गांधीजींसमोर उघड प्रतिज्ञा घेतली. प्रतिज्ञा माणसाला शेजाऱ्याच्या साक्षीने बांधून घेते. गुप्त मतदान त्याला शेजाऱ्यापासून, मालकापासून आणि स्वतःच्या पुढाऱ्यापासूनही काही क्षण मोकळे करते. ज्याच्या घरी कर्ज आहे, ज्याची मुलगी लग्नाची आहे, ज्याला संप मनातून नको आहे, तो सभेत हात खाली ठेवू शकत नाही. तो हात वर करतो आणि तीन आठवड्यांनी रात्रपाळीला मागच्या दाराने आत जातो. त्या दिवशी संपाचे जे नुकसान होते, ते त्याचे ‘नाही’ आधीच मोजले गेले असते तर झाले नसते.

कायद्याने या प्रश्नाकडे दीर्घकाळ पाहिलेच नाही. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत संपापूर्वी नोटीस देणे आवश्यक केले, समेटाची बोलणी चालू असताना संप करण्यास मनाई केली. पण नोटीस देण्यापूर्वी कामगारांचे मत घ्यावे, असे त्या कायद्यात कोठेही म्हटले नव्हते. कायद्याला काळजी होती ती मालकाला व जनतेला संपाची बातमी वेळेवर मिळावी याची. कामगाराला ती कशी मिळते, हा प्रश्न त्याने संघटनेवर सोपविला.

१९६६ च्या अखेरीस न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला राष्ट्रीय श्रम आयोग नेमण्यात आला. १९६९ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात मात्र हा विषय स्पष्टपणे आला. मान्यताप्राप्त संघटनेने संपाची नोटीस देण्यापूर्वी आपल्या सभासदांचे मतदान घ्यावे आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश सभासदांचा पाठिंबा असल्यासच संप करावा, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने या दिशेने प्रत्यक्ष पाऊल टाकले. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध यासंबंधीचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा १९७५ मध्ये अंमलात आला. जेथे मान्यताप्राप्त संघटना आहे तेथे नोटीस देण्यापूर्वी संघटनेच्या बहुसंख्य सभासदांचे मत संपाच्या बाजूने मिळवलेले नसेल, तर तो संप बेकायदेशीर ठरेल, असे त्या कायद्याने सांगितले. नोटिशीनंतर चौदा दिवस थांबणेही त्याने आवश्यक केले. २००२ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने आणखी पुढे जाऊन सर्व कामगारांचे मतदान घ्यावे आणि त्यांपैकी निदान एक्कावन्न टक्के संपाच्या बाजूचे असावेत, असे सुचविले.

‘बहुमत’ हा शब्द या तिन्ही ठिकाणी येतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक वेळी निराळा आहे. समजा, एका कारखान्यात १,४०० कामगार आहेत आणि त्यांपैकी १,००० मान्यताप्राप्त संघटनेचे सभासद आहेत. मतदानास ७०० सभासद आले. ४८० जणांनी संपास होकार दिला, २२० जणांनी नकार. दारापाशी उभे राहून पाहणाऱ्यास संपाला भरघोस पाठिंबा मिळाला असेच वाटेल. गजेंद्रगडकर आयोगाच्या कसोटीवर हा संप उतरतो, कारण ७०० चे दोनतृतीयांश म्हणजे ४६७ होतात. महाराष्ट्राच्या कायद्याच्या कसोटीवर तो उतरत नाही. तेथे एकूण सभासदांपैकी ५०१ मते हवीत, म्हणजे जे ३०० जण घरी राहिले ते सर्व नकाराच्या बाजूला मोजले जातात. दुसऱ्या आयोगाच्या कसोटीवर तर ७१४ मते लागतात. माणसे तीच, मते तीच. निर्णय मात्र फिरतो. ‘लोकशाही पद्धतीने मतदान झाले पाहिजे’ असे कोणी म्हणतो तेव्हा कोणाच्या संख्येचे बहुमत, हे त्यास विचारल्यावाचून त्या वाक्यास काही अर्थ प्राप्त होत नाही.

संघटनांचे कार्यकर्ते या मतदानाविषयी नेहमीच उत्साही असतात असे नाही, आणि त्यांच्या हरकती केवळ सबबी नाहीत. मतदानास वेळ लागतो. त्या वेळात मालक मालाचा साठा करून ठेवतो. यादीत पाचदहा नावे चुकली की न्यायालयात जाऊन सारे मतदान रद्द करून घेता येते. आणि टाळेबंदी जाहीर करण्यापूर्वी कोणत्याही कंपनीस आपल्या भागधारकांचे गुप्त मतदान घ्यावे लागत नाही, हेही खरेच. ही शेवटची हरकत ऐकताना हसू येते, पण तिला सरळ उत्तर कोणी दिलेले नाही. तरीही जेथे मतदान झाले नाही तेथे पुढे काय घडले, हे पाहिले असता या हरकतींचे वजन काहीसे कमी होते.

महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या कापडगिरण्यांचे आहे. १९७१ च्या कायद्यातील मान्यतेचे प्रकरण या गिरण्यांना लागू नव्हते. त्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली होत्या. त्यामुळे एकाच शहरात विक्रोळीच्या यंत्रकारखान्यातील कामगारासाठी एक नियम आणि परळच्या विणकरासाठी दुसरा, अशी स्थिती होती. गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कायद्याने ‘प्रातिनिधिक संघ’ म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. हा दर्जा सभासदसंख्येच्या नोंदीवरून ठरे. कामगारांच्या मतदानावरून तो ठरविण्याची सोय कायद्यात नव्हती. १९८१ च्या शरद ऋतूत बोनसच्या प्रश्नावर असंतोष पेटला, काही गिरण्या बंद पडल्या, आणि कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे साठ गिरण्यांतील जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले.

त्या दिवशी कामगारांचा कौल कोणीकडे होता याविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. गिरण्यांची धुराडी थंड होती हेच त्याचे प्रमाण होते. परंतु तो कौल कोठेही नोंदलेला नव्हता. जो संघ कायद्याने प्रातिनिधिक होता तो संपाच्या विरोधात होता, आणि ज्याच्यामागे कामगार होते त्याच्याशी वाटाघाटी करण्यास गिरणीमालक व शासन कायद्याने बांधलेले नव्हते. गुप्त मतदान घेऊन प्रतिनिधी ठरवावा आणि हा कायदाच रद्द करावा, ही मागणी त्यामुळे वेतनवाढीच्या मागणीच्या बरोबरीने पुढे आली. ती मान्य झाली नाही. मोजलेला पाठिंबा हाती असता तर शासनाने निराळा निर्णय घेतला असता काय, हे सांगता येणे अशक्य आहे. मात्र मोजणी झालेली नसल्यामुळे ‘कामगार संपास कंटाळले आहेत’ असे एका बाजूने म्हणावे आणि ‘एकही कामगार फुटलेला नाही’ असे दुसऱ्या बाजूने म्हणावे, हे महिनोन्महिने चालू राहिले, आणि दोहोंपैकी कोणाचेही म्हणणे तपासण्याचे साधन कोणापाशी नव्हते.

याहून गंभीर गोष्ट संपाच्या शेवटासंबंधीची आहे. हा संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा झालीच नाही. वर्ष उलटले, कामगार एकेकटे किंवा लहान लहान गटांनी परतू लागले. कित्येकांना परत घेण्यात आले नाही, कित्येक कोकणात वा घाटावर आपल्या गावी गेले ते तेथेच राहिले. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने आपल्याकडे घेतले. ज्याने संपावर जाताना मत दिले नव्हते, त्याला परत जाण्याविषयीही कोणी विचारले नाही. प्रत्येकाने तो निर्णय आपल्या खोलीत, बायकोच्या अंगावरचे शेवटचे सोने मोडून झाल्यावर, एकट्याने घेतला. जो निर्णय एकत्रितपणे नोंदवला गेला नाही तो एकत्रितपणे मागेही घेता येत नाही. मतदानाच्या बाजूने सांगण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे कारण हेच आहे, आणि मतदानाची सक्ती करणारे कायदे नेमके याचाच विचार करीत नाहीत. ते संपाच्या दाराशी पहारा ठेवतात. आत गेलेल्या माणसाने बाहेर कसे पडावे, याविषयी ते मौन बाळगतात.

बंगळुरातही याच सुमारास मोठा संप झाला होता. भारत हेवी इलेक्ट्रिकल्समधील वेतनाशी बरोबरी मिळावी या मागणीसाठी सार्वजनिक उद्योगांतील संघटनांनी संयुक्त आघाडी उभारली, आणि २६ डिसेंबर १९८० पासून सुमारे सव्वा लाख कामगारांनी काम थांबविले. संप सत्त्याहत्तर दिवस चालला व १९८१ च्या मार्चमध्ये मुख्य मागणी पदरात न पडताच संपला. तथापि येथे संप संपला तो संघटनांच्या निर्णयाने, सर्वांसाठी एकाच वेळी. पराभव पदरी आला तरी कामगार आपापल्या खात्यांत परतले आणि संघटना टिकून राहिल्या. मुंबईच्या तुलनेत हा फरक लहान नाही.

इंग्लंडमधील कोळसा खाणींचा संप याच दशकातला. खाण कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत राष्ट्रव्यापी संपासाठी मतदानाची तरतूद होती, आणि १९८२ व १९८३ मध्ये घेतलेल्या मतदानांत सभासदांनी संप नाकारला होता. १९८४ च्या मार्चमध्ये संप पेटला तेव्हा आर्थर स्कारगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय मतदान घेतले नाही. नॉटिंगहॅमशायरमधील बहुसंख्य खाणकामगार ‘आम्हाला विचारले नाही’ असे म्हणून कामावर राहिले. सरकारला व वृत्तपत्रांना यापेक्षा सोयीचे हत्यार मिळाले नसते. बारा महिन्यांनी, ३ मार्च १९८५ रोजी, प्रतिनिधींच्या परिषदेने ९८ विरुद्ध ९१ मतांनी कामावर परतण्याचा ठराव केला. सात मतांचा हा फरक कटू होता, पण ती एक मोजणी होती. तिच्या आधारे अनेक गावांत खाणकामगार बँड व निशाणे घेऊन रांगेने खाणीत परतले. दरम्यान १९८४ च्याच कायद्याने तेथे संपापूर्वीचे गुप्त मतदान सक्तीचे झाले, आणि २०१६ मध्ये निदान निम्म्या सभासदांनी मतदान केलेच पाहिजे, तसेच महत्त्वाच्या सार्वजनिक सेवांत एकूण सभासदांपैकी चाळीस टक्क्यांनी होकार दिला पाहिजे, अशा अटी आल्या. २०२५ च्या नव्या कायद्याने यांतील काही बंधने सैल करण्याचा मार्ग धरला. मतदानाची तरतूद कामगाराच्या हातातील मोजपट्टी म्हणून आली की त्याच्या पायातील बेडी म्हणून, हे केवळ कायद्याचे शीर्षक वाचून कळत नाही. अट कोणी मागितली होती, हे पाहावे लागते.

भारतीय रेल्वेचा अनुभव या दृष्टीने वेगळा आहे, कारण तेथे ही प्रथा संघटनेने स्वतः पाळली. १९४६ मध्ये अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनने संपाच्या प्रश्नावर मतदान घेतले, कौल संपाच्या बाजूने पडला आणि २७ जून ही तारीख ठरली. महागाईने त्रस्त झालेल्या त्या वर्षी टपाल खात्यापासून नौदलापर्यंत असंतोष होता. सरकारने अंतरिम साहाय्य देऊ केले आणि संप टळला. याच काळात रेल्वे कामगारांच्या कामाचे तास, विश्रांती व रजा यांचा प्रश्न न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे लवादासाठी सोपविण्यात आला होता. त्यांच्या निवाड्याने पुढील कित्येक वर्षे रेल्वेतील कामाचे तास ठरले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या निवृत्तिवेतन योजनेच्या प्रश्नावर याच फेडरेशनने देशभर स्थानकांत, शेडमध्ये व कार्यशाळांत मतपेट्या ठेवल्या. पुन्हा प्रचंड बहुमत संपाच्या बाजूने पडले, आणि पुन्हा संप झाला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने निश्चित निवृत्तिवेतनाची हमी देणारी नवी योजना जाहीर केली. ती मतपेटीमुळेच आली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. निवडणुकांचे वर्षही तेच होते. शिवाय कामगारांना हवी होती ती जुनी योजना, आणि ती मिळाली नाही. परंतु वाटाघाटीच्या टेबलावर बसताना पुढाऱ्याच्या खिशात एक आकडा होता, जो त्याने सभेच्या गर्दीवरून बांधलेला अंदाज नव्हता.

चिकपेटेतील हमाल आणि दुकानातील नोकर यांना हा आकडा कधीच मिळवता येत नाही, कारण मतदानाच्या आधी मतदारयादी लागते. दुकानात चारपाच माणसे. संघटनेच्या नोंदणीसाठी किमान सात माणसे हवीत, म्हणून दुकानादुकानांतून माणसे जमवावी लागतात. हमालाला तर ठरावीक मालकच नसतो. सकाळी एकाचा गठ्ठा, दुपारी दुसऱ्याचा. मुंबईच्या गिरणीतील बदली कामगाराची अवस्था काहीशी अशीच होती. रोज सकाळी तो दाराशी उभा राही, काम मिळाले तर तो त्या दिवसापुरता कामगार. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा करून या अडचणीतून वाट काढली. त्या कायद्याने मालक आणि हमाल या दोघांचीही नोंद मंडळाकडे होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, आणि ज्याला मालक नव्हता त्याला पट मिळाला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांच्या संघटनेच्या रूपाने जे बळ उभे केले, त्यामागे घोषणांइतकाच या नोंदवहीचा वाटा आहे. ‘माथाडी मंडळाचा बिल्ला’ ही वस्तू दिसायला क्षुल्लक. पण ज्याच्यापाशी तो आहे त्याचे डोके मोजता येते.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अंमलात आली, सर्व आस्थापनांत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक केली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच समजला जाईल, असे तिने ठरविले. दोन्ही श्रम आयोगांनी सुचविलेले संपापूर्वीचे मतदान मात्र तिने स्वीकारले नाही. मालकाशी बोलणी करणारी एकमेव संघटना म्हणून मान्यता मिळविण्यासाठी तिने एक्कावन्न टक्क्यांची अट घातली आहे, आणि हे एक्कावन्न टक्के हजेरीपटावरील कामगारांचे मोजायचे आहेत.